मोटारसायकलवरून ऑफिस आणि सुटाची इस्त्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या नोकरीत आठवड्यातले बहुतेक दिवस सूट किंवा निदान फॉर्मल शर्ट-पँट आणि ब्लेझर लागतो. येणं-जाणं मोटारसायकलने, एका बाजूला पाऊण तास. कोट पाठीवरच्या सॅकमध्ये नेला तर चुरगळतो, अंगात घालून वर रायडिंग जॅकेट चढवलं तर घामाने भिजतो, आणि पँटच्या पायाला चेनचं काळं लागतं. ऑफिसात लॉकर नाही, अंघोळीची सोय नाही. सहकारी सुचवतात की जॅकेटची भानगड सोडून द्यावी, सूट आणि हेल्मेट घालून सरळ निघावं. असं करावं, की मोटारसायकलच सोडावी?

मोटारसायकल सोडायची गरज नाही. सहकाऱ्यांचा सल्ला मात्र अजिबात मानू नका. सुटाचं कापड अंगावर छान पडावं म्हणून विणलेलं असतं, रस्त्यावर घासण्यासाठी नव्हे. साध्या वेगातल्या घसरणीतही ते फाटायला वेळ लागत नाही, आणि मग रस्ता थेट कातडीला लागतो. पॉलिएस्टरमिश्रित सूट किंवा अस्तर असेल तर आणखी वाईट. पॉलिएस्टर साधारण 250 ते 260 अंश सेल्सिअसला वितळतं. घर्षणाच्या उष्णतेने कृत्रिम धागा मऊ होऊन चिकटला की जखम साफ करणंही अवघड होतं. युरोपात 2020 साली ईएन 17092 हे मानक आलं. रायडिंगच्या कपड्यांना त्यात एएए, एए आणि ए असे उतरत्या क्रमाचे वर्ग आहेत, शिवाय पॅड नसलेल्या पण घासणं सोसणाऱ्या कपड्यांसाठी बी वर्ग आहे. रोजच्या प्रवासासाठी एए वर्गाचं जॅकेट आणि पँट हा माझ्या मते योग्य मधला पर्याय. एएएचे कपडे बहुतेकदा जड आणि गरम असतात, आणि जे घालायचा कंटाळा येतो ते लवकरच खुंटीला अडकून राहतं. सांध्यांवरच्या पॅडवर ईएन 1621-1 असा शिक्का आहे ना, तेही पाहा.

आता कपड्यांकडे वळू. माझं सगळं सांगणं एका गोष्टीवर उभं आहे: फॉर्मल कपडे हे गाडी चालवण्याचे कपडे नाहीत, ते सामान आहे. त्यातलं जितकं रोज हलवावं लागणार नाही तितकं बरं. बहुतेक लोक उलटं करतात. रोज सगळं अंगावर किंवा पाठीवर नेतात, आणि मग चुरगळू नये म्हणून युक्त्या शोधत बसतात.

कापड चुरगळतं का, हे कळलं की निम्मे निर्णय सोपे होतात. सुती आणि लिननचा धागा सेल्युलोजचा. त्यातल्या लांब साखळ्यांनी एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवलेलं असतं. ओल लागली की हे बंध सुटतात, आणि वाळताना कापड ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. मोटारसायकलवर बसलेल्या माणसाच्या गुडघ्यामागे, जांघेत आणि कंबरेच्या मागे ओल, ऊब आणि दाब ही तिन्ही एकदम भेटतात. म्हणजे उलट्या कामाची इस्त्रीच. लोकरीचं तसं नाही. तिचा धागा केराटिन या प्रथिनाचा आणि मुळातच नागमोडी. दाब निघाला की तो आपल्या जुन्या आकाराकडे परत यायला बघतो, आणि हवा थोडी दमट असेल तर अधिक लवकर येतो. स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांच्या आसपास बाष्प शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाही. म्हणून लोकरीचा कोट रुंद हँगरवर टांगून त्यावर लांबून पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला आणि तसाच राहू दिला, तर बऱ्याच सुरकुत्या आपोआप जातात. सुती शर्टाला इस्त्रीशिवाय गत नाही, आणि लिननचा सूट मोटारसायकलवाल्याने विकतच घेऊ नये.

सूट घेताना ‘सुपर 150’, ‘सुपर 180’ अशा आकड्यांना भुलू नका. तो आकडा धाग्याच्या बारीकपणाचा आहे, टिकाऊपणाचा नव्हे. सुपर 100 म्हणजे लोकरीच्या तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉन, सुपर 120 म्हणजे 17.75, सुपर 150 म्हणजे 16.25. आकडा जितका मोठा तितकं कापड मऊ आणि चमकदार, पण तितकंच नाजूक, लवकर चुरगळणारं आणि लवकर झिजणारं. आपल्याला हवं सुपर 100 किंवा 110 च्या आसपासचं, घट्ट पिळाच्या सुताचं कापड. मुठीत दहा सेकंद दाबून सोडा. लगेच उलगडलं तर घ्या. वजन मीटरला 280 ते 320 ग्रॅम असेल तर घडी चांगली सोसतं. उन्हाळी हवेत एवढं जड नको वाटलं तर उघड्या विणीचं, पिळदार सुताचं हलकं कापड मिळतं. ते हाताला किंचित खरखरीत लागतं, पण प्रवासाला त्याच्यासारखं दुसरं नाही. रंगात मध्यम राखाडी किंवा गडद निळा, आणि पूर्ण सपाट विणीपेक्षा बारीक ठिपक्यांची वीण बरी. धूळ आणि बारीकसारीक चुण्या तिच्यात लपतात. काळ्या सुटावर धुळीचा प्रत्येक कण दिसतो.

आणि एका कोटाबरोबर पँटी दोन शिवून घ्या. सुटात आधी जाते ती पँट. सीटवर बसल्या जागी आणि मांडीच्या आतल्या बाजूला सतत घासून लोकरीचे तंतू चपटे होतात, मग तिथे तुळतुळीत चमक येते, आणि ती पूर्णपणे कधीच जात नाही. दोन पँटी आलटून पालटून वापरल्या आणि प्रत्येकीला निदान एक दिवस टांगून विश्रांती दिली तर कोट आणि पँट बरोबरीने म्हातारे होतात. पँटवर इस्त्री थेट फिरवल्यानेही अशीच चमक येते. त्यामुळे मध्ये ओलसर सुती कापड ठेवूनच इस्त्री करा. कपड्याच्या पट्टीवरच्या इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे 110 अंशांपर्यंत, दोन म्हणजे 150, तीन म्हणजे 200. लोकर दोन ठिपक्यांची.

आता मुख्य निवड. कपडे अंगात घालून वरून रायडिंगचे कपडे चढवायचे, की रायडिंगच्या कपड्यांत यायचं आणि तिथे बदलायचं?

पहिल्या पद्धतीचा इतिहास चांगला आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ गावी अँडी गोल्डफाइन यांनी 1983 साली एरोस्टिच ही कंपनी सुरू केली. तिचा ‘रोडक्राफ्टर’ नावाचा एकसंध सूट नेमका याच कामासाठी होता. लांबलचक चेन उघडायची, ऑफिसच्या कपड्यांवरून तो चढवायचा, पोचल्यावर काढायचा, की आत माणूस नीटनेटका. पुढे बऱ्याच कंपन्यांनी तशी रचना केली. असा एकसंध सूट किंवा ओव्हरपँट घेताना तीन गोष्टी बघा. बाजूची चेन पूर्ण लांबीची हवी, घोट्यापासून कंबरेपर्यंत, नाहीतर बुटांसकट पाय घालताना आतली पँट गोळा होऊन वर सरकते. आतलं अस्तर गुळगुळीत हवं, जाळीचं नको, कारण जाळीत लोकर अडकून ओढली जाते. आणि मानेपाशी, मनगटापाशी असलेला वेल्क्रो नीट झाकलेला हवा. उघड्या वेल्क्रोचा काटेरी भाग शर्टाच्या कॉलरीचे आणि टायचे धागे उपसतो. मापही ऑफिसच्या कपड्यांवरूनच घ्या. दुकानात टी-शर्टवर बरोबर बसलेला सूट कामाच्या दिवशी आवळतो, आणि आवळलं की चुरगळलंच.

ही पद्धत थंड हवेत उत्तम चालते. माझा अंदाज असा की हवा साधारण 20 अंशांच्या खाली असेल तर पाऊण तासाच्या प्रवासानंतरही लोकरीची पँट आणि शर्ट बऱ्या अवस्थेत पोचतात. 25 च्या वर गेली, त्यात दमटपणा असला आणि दर चौकात थांबावं लागत असलं, की ही पद्धत सोडा. थांबलेल्या गाडीवर वारा नसतो, आणि जॅकेटच्या आत तोच क्षण सगळ्यात वाईट. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे सुमारे 35 अंशांच्या वर गेलं की वारासुद्धा थंड करत नाही, उलट गरमच करतो. मग घाम वाळणं एवढाच गारव्याचा मार्ग उरतो. अशा दिवशी फॉर्मल शर्ट अंगात घालून निघणं म्हणजे तो धुवायलाच नेणं.

कोट मात्र कोणत्याही हवेत आतून घालू नका. कोटाच्या खांद्यात आणि छातीत कॅनव्हास आणि पॅडिंगचे थर असतात. रायडिंग जॅकेटच्या खांद्यावरचं कडक पॅड त्यावर बसलं, आणि हात पुढे हँडलवर ताणलेले राहिले, की बाही जिथे जोडलेली असते तिथली गोलाई बिघडते. ती इस्त्रीने परत येत नाही. सॅकचे पट्टेही हेच करतात. टायचंही तसंच. चालत्या गाडीवर गळ्यात टाय, स्कार्फ, ओढणी असं काहीही लोंबतं ठेवू नये. इसाडोरा डंकन या नर्तिकेचा मृत्यू 1927 साली फ्रान्समधल्या नीस शहरात उघड्या मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकून झाला. मोटारसायकलची चेन आणि चाक तर त्याहूनही जवळ असतात. टाय गुंडाळून एखाद्या छोट्या डबीत ठेवा.

तुमचा प्रवास पाऊण तासाचा आहे, त्यामुळे मी दुसरी पद्धत सुचवेन: तिथे जाऊन बदलायची. आणि तीही अर्धीच, कारण बरंच सामान ऑफिसातच राहू शकतं. एक राखाडी किंवा निळा कोट, काळे बूट, पट्टा, दोन टाय, एक जादा शर्ट आणि मोज्यांचा जोड. हे सगळं कायम तिथे. मग रोज न्यायचं काय, तर एक शर्ट आणि एक पँट. कोट दोन-तीन आठवड्यांतून एकदा घरी आणा, ब्रश करा, वारा द्या, परत न्या. लोकरीला वारंवार ड्रायक्लीनिंग लागत नाही, उलट त्याने ती लवकर थकते. नैसर्गिक केसांचा ब्रश वरून खाली फिरवला की रस्त्याची धूळ निघते. धूळ तंतूंमध्ये राहिली तर कापड आतून कापत राहते, म्हणून हे काम टाळू नका.

बूट ऑफिसात ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. आजच्या बहुतेक मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाने, चवड्याच्या वरच्या बाजूने टाकावा लागतो. महिन्याभरात डाव्या बुटाच्या नाकावर घासलेला पट्टा दिसू लागतो, आणि पॉलिशने तो झाकला जात नाही. चामडी तळ फूटरेस्टवर घसरतात, ओल्या रस्त्यावर पाय टेकताना तर हमखास. घोटा झाकणारे रायडिंग बूट घालून या. युरोपात त्यांना ईएन 13634 हे मानक लागू आहे.

तुमच्याकडे लॉकर नाही, ही खरी अडचण. तरी पूर्ण कपाट लागतच नाही. टेबलाखालच्या मोठ्या खणात बूट आणि बाकीचं सामान मावतं. कोटाला फक्त एक टांगायची जागा हवी, आणि दाराच्या मागे किंवा स्टेशनरीच्या कपाटात ती मिळते. कोट धूळ न बसणाऱ्या, श्वास घेणाऱ्या कापडी पिशवीत टांगा. ड्रायक्लीनरच्या प्लास्टिकमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, आत ओल कोंडते. व्यवस्थापनाकडे मागताना ‘लॉकर द्या’ असं न म्हणता ‘कोट टांगायला एक हुक आणि हेल्मेट ठेवायला एक फळी’ असं सांगून पाहा. छोटी मागणी सहसा मान्य होते. जवळपास ओळखीचा लाँड्रीवाला असेल तर आणखी छान. शर्ट तिथेच धुवायला टाकायचे, तिथूनच घ्यायचे. मग रोज फक्त पँट न्यायची.

कोट न्यावाच लागला तर घडीची रीत अशी. एक खांदा पूर्ण उलटा करा, अस्तर बाहेर येईल. दुसरा खांदा उलटा न करता या उलट्या खांद्याच्या खोबणीत बसवा. कोट आता उभा अर्धा झालेला असेल, अस्तर बाहेर आणि कापड आत. कॉलर उभी करून ठेवा. मग शर्ट आणि टॉवेल यांची सैलसर गुंडाळी करून तिच्याभोवती कोट खालून वर गुंडाळा. यातलं मर्म वळणाच्या गोलाईत आहे. सुरकुती घडीने पडत नाही, तीव्र वळणाने पडते. म्हणून प्रत्येक वळणाच्या आत काहीतरी मऊ हवं. थरांच्या मध्ये पातळ प्लास्टिक किंवा टिश्यू कागद ठेवला तर थर एकमेकांवर सरकतात आणि एकाच जागी मोडत नाहीत. तासाभरासाठी प्लास्टिक चालेल, पोचल्यावर काढून टाका. पँट तिच्या इस्त्रीच्या घडीवरच, गुडघ्यापाशी मऊ गुंडाळी ठेवून एकदाच दुमडा. शर्टाची वरची, मधली आणि खालची बटणं लावा, कॉलरीच्या आत गुंडाळलेला पट्टा ठेवा म्हणजे कॉलर दबत नाही, आणि पाठीमागे पातळ पुठ्ठा घालून घडी घाला. समोर दिसणारा भाग, म्हणजे कॉलर, छाती आणि कफ, सपाट राहिला की पोटावरच्या दोन रेघा पँटीत जातात. ‘नॉन-आयर्न’ शर्टांत सुती धाग्यांच्या साखळ्या रेझिनने एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून ते कमी चुरगळतात. बदल्यात धागा थोडा कमजोर होतो आणि कॉलरीची कड लवकर विरते. मोटारसायकलवाल्यासाठी हा सौदा मी स्वीकारेन.

हे सगळं सॅकमध्ये घालू नका. सॅक पाठीला चिकटते, पाठीचा घाम तिच्यात उतरतो, आतलं सामान हालचालीबरोबर मुरडतं, आणि पडलो तर तिच्यातली कडक वस्तू मणक्यावर येते. गाडीला टॉप बॉक्स किंवा पॅनियर, म्हणजे बाजूला अडकवायच्या कडक पेट्या, लावा. कपड्यांच्या दृष्टीने सपाट पॅनियर उत्तम, कारण त्यात घडी आडवी राहते. सायलेन्सरच्या बाजूचा पॅनियर तापतो का, हे एकदा हात लावून बघा. तापत असेल तर शर्ट-पँट दुसऱ्या बाजूला. टॉप बॉक्सला वजनाची मर्यादा असते, ती गाडीच्या आणि बॉक्सच्या पुस्तिकेत दिलेली असते. लॅपटॉप, चार्जर, डबा, बूट असं सगळं उंचावर मागे टाकलं तर हँडल हलकं होऊन गाडी डुलते. जड वस्तू खाली, कपडे वर. आणि बॉक्स कितीही ‘वॉटरप्रूफ’ असला तरी आत तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी ठेवा. बॉक्सचं रबर जुनं झालं की पाणी नेमकं कोपऱ्यातून शिरतं.

घामाबद्दल एक गोष्ट जी फार कमी लोक पाळतात: पोचल्या पोचल्या कपडे बदलू नका. गाडी थांबली की वारा थांबतो, पण शरीर आणखी काही मिनिटं उष्णता बाहेर टाकतच राहतं. त्या वेळी कोरडा शर्ट घातला की तो पाच मिनिटांत पाठीला चिकटतो. आधी जॅकेट आणि हेल्मेट काढा, पाणी प्या, मेल वाचा, दहा मिनिटं जाऊ द्या. मग ओल्या टॉवेलने मान, काखा, छाती, पाठ पुसा, कोरड्याने टिपा, आणि मग शर्ट. अंघोळीची सोय नसताना एवढं पुरतं. प्रवासात अंगाला लागून सुती बनियनऐवजी मेरिनो लोकरीचा किंवा खेळाडू घालतात तसा घाम वाहून नेणारा पातळ टी-शर्ट घाला. सुती कापड घाम धरून बसतं आणि शर्ट बदलला तरी अंग ओलसर राहतं. मेरिनोला वासही कमी येतो, त्यामुळे तोच संध्याकाळी परत घालता येतो. उन्हाळ्यात जाळीचं रायडिंग जॅकेट घ्या, आतलं कोरडं ठेवायला त्याहून चांगला उपाय नाही. पाण्यात भिजवून घालायचे थंडावा देणारे जाकीट मात्र ऑफिसच्या कपड्यांवर घालू नका.

पावसाचं वेगळं शास्त्र आहे. रेनसूटचं कापड सहसा गळत नाही, गळतात ते शिवण, चेन आणि उघड्या कडा. बसल्यावर जांघेत कापडाची खोलगट वाटी होते, तिथे पाणी साचतं, वजनाने दबतं, आणि चेनमधून आत उतरतं. पँटीवर नको त्या जागी डाग पडतो तो असा. त्यामुळे पुढे मधोमध चेन नसलेली रेनपँट घ्या, किंवा चेनच्या मागे पाणी अडवणारी दुसरी पट्टी असलेली. जॅकेट पँटीच्या वरून खाली यायला हवं. हातमोज्यांचा कफ बाहीच्या आत घालायचा, म्हणजे बाहीवरून ओघळलेलं पाणी मोज्यात भरत नाही. फक्त हात उंच धरावे लागणाऱ्या हँडलवर हे उलटं करावं लागतं. मानेशी पातळ, पाणी न शोषणारी पट्टी बांधा. सुती रुमाल बांधला तर तो वातीसारखा पाणी ओढून कॉलर भिजवतो. बुटांसकट रेनपँट चढवायची असेल तर पायावर प्लास्टिकची पिशवी घाला, पाय सरकन आत जातो आणि अस्तराला चिखल लागत नाही.

श्वास घेणाऱ्या पडद्याच्या, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ थराच्या, महागड्या जॅकेटांबद्दल नेहमी विचारलं जातं. यातला प्रसिद्ध पडदा ताणलेल्या पीटीएफईचा (म्हणजे टेफ्लॉनचा), बॉब गोर यांना 1969 साली सापडलेल्या प्रक्रियेतून आलेला. तो उत्तम काम करतो, पण बाहेरचं कापड पाण्याने चिंब झालं की घामाची वाफ बाहेर पडायची वाट बंद होते आणि आतून ओल वाटू लागते. लोकांना वाटतं जॅकेट गळलं. बाहेरच्या कापडावर पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहिनासे झाले, की योग्य साबणाने धुऊन पाणी झटकणारा लेप पुन्हा द्या.

पोचल्यावर ओले कपडे काढायचाही क्रम असतो, आणि गडबडीत सगळं इथेच बिघडतं. आडोशाला उभे राहा. हातमोजे काढा. एका छोट्या टॉवेलने आधी हेल्मेट, मग खांदे, मग मांड्या पुसा. हेल्मेट पुढे न वाकता काढा, नाहीतर त्यावरचं पाणी थेट कॉलरीत. मग जॅकेट, मग पँट, आणि ओलं सगळं एका मोठ्या पिशवीत. हात कोरडे केल्याशिवाय शर्टाला शिवू नका.

चेनच्या काळ्या डागांचं मूळ गाडीत आहे, तिथेच उपाय करा. चेनला ल्यूब, म्हणजे वंगण, सकाळी निघताना मारला तर फिरत्या चेनवरून तो उडतो आणि डाव्या पोटरीवर येतो, कारण बहुतेक गाड्यांची चेन डावीकडे असते. ल्यूब संध्याकाळी, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने थोडा मारा, जास्तीचा फडक्याने पुसा आणि रात्रभर मुरू द्या. मागच्या चाकाला टायरलगतचा मडगार्ड लावला की ओल्या रस्त्याचा काळा फवारा पाठीवर येत नाही. पुढे कधी गाडी बदलणार असाल तर मागचं चाक चेनऐवजी बेल्ट किंवा शाफ्टने फिरवणारी गाडी बघा. आणि स्कूटरला कमी लेखू नका. कोराडिनो दास्कानिओ या विमानअभियंत्याने आखलेल्या व्हेस्पाचं पेटंट पिआजिओने 23 एप्रिल 1946 रोजी दाखल केलं, आणि पायांपुढची ढाल, झाकलेलं इंजिन, मधून पाय घालून बसायची मोकळी जागा या सगळ्यामागे कपडे स्वच्छ राहावेत हा विचार होता. 1958 च्या होंडा सुपर कबमध्येही पायांपुढे प्लास्टिकची ढाल आणि पूर्ण झाकलेली चेन होती. रोज स्कर्ट किंवा घेरदार कपडे घालून जायचं असेल, तर मोटारसायकलपेक्षा स्कूटर आणि तिथे जाऊन बदललेले कपडे हेच मी सांगेन.

डाग पडलाच तर चोळू नका. सुक्या कापडाने वरचं ग्रीस उचला, त्यावर खडूची भुकटी किंवा टाल्कम पावडर दाबून काही तास ठेवा आणि ब्रशने झटका. सुती असेल तर मग भांडी घासायच्या द्रव साबणाचा थेंब, कोमट पाणी. लोकर असेल तर गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य, कापड आटून जाड होतं. ड्रायक्लीनरला डाग कशाचा हे सांगून द्या. डाग असताना वर इस्त्री फिरवू नका, तो कायमचा बसतो.

केसांसाठी हेल्मेटच्या आत पातळ, गुळगुळीत टोपी घाला. घाम ती पिते आणि रोज धुता येते. दबलेले केस नुसत्या कंगव्याने उठत नाहीत, मुळांशी पाण्याचा हात फिरवून उलट्या दिशेने वाळवले की उठतात. लांब केसांची सैल वेणी मानेखाली घालून जॅकेटच्या आत सोडा. मानेवर अंबाडा असला तर हेल्मेट पुढे ढकललं जातं आणि नीट बसत नाही. मेकअप पोचल्यावरच करा, नाहीतर गालाच्या पॅडवर राहतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथून कॉलरीवर येतो. हेल्मेटचं आतलं अस्तर महिन्यातून दोनदा तरी धुवा. पांढऱ्या कॉलरीवरची पिवळी रेघ पुष्कळदा मानेच्या घामाची नसून हनुवटीच्या मळलेल्या पट्ट्याची असते.

सुरुवात सुट्टीच्या दिवशी करून बघा. त्याच वेळेला, त्याच रस्त्याने, भरलेला बॉक्स घेऊन ऑफिसपर्यंत जा, शर्ट-पँट उलगडा आणि कुठे मोडलंय ते पाहा. बहुतेक वेळा एकाच जागी मोडलेलं असतं आणि तिथे एक टॉवेल घातला की काम होतं. महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या संध्याकाळी हवामान पाहा. त्या दिवशीचा शर्ट आणि पँटही आदल्या दिवशीच नेऊन कोटाशेजारी टांगून ठेवा, आणि सकाळी रायडिंगच्या कपड्यांत नेहमीपेक्षा वीस मिनिटं आधी निघा.